सोलापुरात घर बांधताना: पाणी कुठे द्यायचं आणि कुठे अडवायचं

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा गवंडी. वडील दगडाचं काम करायचे, मी वीटकाम आणि आरसीसीत आलो, आता लहान घरांची कामं लेबर रेटनं घेतो. घर बांधण्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बरंचसं पुण्या-मुंबईच्या हवेला धरून असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो, पायाखाली काळी माती असते, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि बोअरला लागलं तरी ते बऱ्याचदा खारं निघतं. इथली घरं बिघडतात ती बहुतेक पाण्यापायी. काँक्रीटला पाणी हवं असतं, ते मिळत नाही. पायाला नको असतं, तिथे मात्र बिनदिक्कत जातं. घरमालकाला एवढं कळलं तरी निम्मं काम झालं, म्हणून धागा काढतोय.

आधी पाया. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात गावाबाहेर कुठल्याही रानात जाऊन बघा, हात आत जाईल एवढ्या भेगा असतात. घराखाली हीच माती असली तर पावसाळ्यात ती घर उचलते आणि उन्हाळ्यात सोडते. तेही सगळीकडे सारखं नाही. ज्या कोपऱ्यात मोरीचं पाणी मुरतं तो बारा महिने फुगलेला राहतो, समोरचा कोपरा सुकतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ही भेग पावसाळ्यात मिटत असेल आणि उन्हाळ्यात उघडत असेल तर प्लास्टरवाल्याला शिव्या देऊ नका, पाया हलतोय. पुट्टी भरून ती कधीच थांबणार नाही.

उपाय जुनाच आहे: कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा. माती तीन-चार फूट असेल तर काढून टाका, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. फार खोल असेल तर मग ते गवंड्याचं काम नाही, इंजिनिअरला बोलवा.

दुसरी गोष्ट, खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरू नका. ती फुकट मिळते, वाहून न्यायचा खर्च वाचतो, म्हणून बरेच जण भरतात. दोन पावसाळे गेले की फरशी मधेच उचलते, दाराची कड जमिनीला घासायला लागते. जोत्यात मुरूम भरायचा, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुमस करायचा. एका दमात तीन फूट भरून वरून पाइप सोडला म्हणजे दबाई झाली असं नाही. पहार उभी धरून जोरात मारा. सहज आत गेली तर परत दाबायला सांगा.

जुळे_सोलापूर

मामा, वेळेवर धागा काढलात. आमचा प्लॉट जुळे सोलापूरला. ५ फूट खणलं, अजून काळीच माती आहे. ठेकेदार म्हणतो इथेच सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, टाकून त्यावर फूटिंग (कॉलमचं बूड) घेऊ, पुढे खणण्यात पैसे घालू नका. शेजारच्यानं असंच केलंय म्हणे.

ओळंबा

करू नका. सोलिंग मातीवर बसतं, माती हलली की सोलिंगही तिच्याबरोबर हलतं. शेजाऱ्याच्या प्लॉटवरून तुमच्या प्लॉटचा अंदाजही बांधू नका. आपल्याकडे खालचा खडक सपाट नाही. एकाच प्लॉटमध्ये एका कोपऱ्याला तीन फुटांवर मुरूम लागतो, दुसऱ्या कोपऱ्याला आठ फूट गेलं तरी माती. जुना ओढा किंवा बुजवलेली विहीर असली तर आणखीच घोळ. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं मातीवर बसलं तर ते पूर्ण मातीवर बसण्यापेक्षा वाईट, कारण तडा बरोबर मधोमध जातो. आधी चारही कोपऱ्यांत आणि मध्यात चाचणी खड्डे घ्या. जेसीबीचं तासाभराचं काम आहे.

काळी_दोन_इंची

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, मिस्त्रींच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. मातीची साधी चाचणी असते, फ्री स्वेल. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन काचेच्या दोन नळ्यांत टाकतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी दोन्हींची उंची मोजायची. फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर सावध व्हायचं. सिव्हिलची प्रयोगशाळा असलेल्या कुठल्याही कॉलेजात ही चाचणी होते आणि घराच्या खर्चापुढे तिची फी काहीच नाही.

मुरूम फार खोल असेल तर अंडररीम पाइलचा विचार करा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब. बुडाशी फुगवलेला हा पाइल रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं आपल्या काळ्या मातीसाठी विकसित केला. त्याचं बूड त्या खोलीवर ठेवतात जिथे ऋतूप्रमाणे मातीतली ओल फारशी बदलत नाही. वर कॉलम बांधणारा बीम घेतात, आणि त्या बीमखाली माती फुगायला थोडी पोकळी सोडतात. ही पोकळी मजूर हमखास मातीनं भरून टाकतात. तिच्यावर लक्ष ठेवा.

जुळे_सोलापूर

धन्यवाद दोघांना. उद्याच खड्डे घेतो.

ओळंबा

आणि पाया मुरमावर गेला म्हणजे संपलं असं समजू नका. घराभोवती तीन-चार फुटांचा कोबा करा, उतार घरापासून बाहेर. जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे करू नका. हौस असेल तर कुंड्या ठेवा. शोषखड्डा, सेप्टिक टँक, वॉशिंग मशीनचा पाइप, पाण्याच्या हौदाची गळती, ही सगळी मंडळी पायाला पाणी पाजतात. बोअरच्या मोटारीला लागून गळकी व्हॉल्व्ह असते, ती वर्षानुवर्षे कुणी बदलत नाही, आणि तडा बरोबर त्याच बाजूला जातो.

शेळगीची_वहिनी

दादा, आमचा स्लॅब एप्रिलच्या शेवटी टाकायचा आहे. घरात सगळे म्हणतात पावसाआधी उरकून घ्या. सासरे म्हणतात उन्हात स्लॅब टाकू नये. काय करावं?

ओळंबा

सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे, पण एप्रिलला पर्यायच नसेल तर नीट केला तर स्लॅब चांगला होतो. सविस्तर सांगतो, वहिनी, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

काँक्रीटचा गाडा पहाटे सुरू करा. उजाडायच्या आधी मिक्सर फिरायला लागला पाहिजे आणि दहा-साडेदहापर्यंत फिनिशिंग संपलं पाहिजे. स्लॅब मोठा असेल तर दुपारी चारनंतर सुरू करून रात्री हॅलोजन लावून संपवा. आदल्या संध्याकाळी खडीच्या ढिगावर पाणी मारा, दुपारभर तापलेली खडी काँक्रीटमधलं पाणी खाते. लोखंडी प्लेटा आणि सळई तापलेल्या असतात, त्यांच्यावरही ओतायच्या आधी पाणी शिंपडा, पण प्लेटवर डबकं राहू देऊ नका.

मग पाण्याचं माप. एका सिमेंटच्या पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर म्हणतात, "माल घट्ट आहे, पसरत नाही, टाका अजून एक बादली." ती बादली टाकू नका. जादा पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, पुढे पावसाचं पाणी त्यातूनच सळईपर्यंत पोचतं. माल पसरत नसेल तर व्हायब्रेटर नीट चालवा. मिक्सरपाशी घरचा एक माणूस उभा करा, त्याला बादली मोजण्यापलीकडे दुसरं काम देऊ नका.

आता बारीक निरीक्षण. स्लॅब ओतून पाटा फिरवला की वर पाण्याची चमक येते. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला की ही चमक बघता बघता जाते, पृष्ठभाग राखाडी, मळकट होतो, आणि मग केसाएवढ्या भेगा पडायला लागतात. कधी सळईच्या रेषेत, कधी वेड्यावाकड्या. माल अजून ओला आहे तोवर लाकडी थापीनं चोपल्या की त्या मिटतात. घट्ट झाल्यावर वर सिमेंटची राब फिरवून झाकल्या तर खाली तशाच राहतात. म्हणून चमक गेली की लगेच वर प्लास्टिकचा कागद किंवा ओलं गोणपाट टाकायचं. पाण्याचा फवारा लगेच मारू नका, सिमेंट धुऊन जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी घाला, तीन-चार फुटांचे चौकोन करून, आणि पाणी भरा.

शेळगीची_वहिनी

किती दिवस? आमचा ठेकेदार सात दिवस म्हणतो. आणि पाणी आणायचं कुठून? आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.

काळी_दोन_इंची

सात दिवस हे साध्या ओपीसी सिमेंटसाठी, तेही सौम्य हवेत. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस सांगितलेत. आपण घरासाठी जे पीपीसी वापरतो त्यात राख मिसळलेली असते, ते ताकद सावकाश घेतं, त्याला १४ दिवस द्यावेत अशी शिफारस आहे. तेव्हा एप्रिल-मेत १४ दिवस धरा.

ओळंबा

बरोबर. आणि पाण्याचा हिशेब आधीच करून ठेवा, वहिनी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायचं म्हणजे साधारण ४,७०० लिटर. एक मोठा टँकर पहिल्या भरण्यालाच जातो, पुढे रोज उडतं तेवढी भर घालावी लागते. एवढं पाणी जमणार नसेल तर ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. पाणी उडत नाही, गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवलं तरी ओल टिकते. दुपारी दोन वाजता प्लास्टिक उचलून खाली हात लावून बघा. ओलं लागलं पाहिजे. सकाळी ओलं आणि दुपारी वाळकं, ह्याला क्युरिंग म्हणत नाहीत.

क्युरिंगच्या टँकरचा खर्च स्लॅबच्या अंदाजातच धरा. बहुतेक घरी होतं काय, स्लॅब झाला की नारळ फुटतो, जेवण होतं, पैसे संपतात आणि टँकर कोण मागवणार यावर मालक आणि ठेकेदार एकमेकांकडे बघत बसतात. ते दोन-तीन दिवस पुन्हा मिळत नाहीत. सिमेंट पहिल्या आठवड्यात जे पाणी पितं त्यावर पुढची पन्नास वर्षं निघतात.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते कॉलमचं. स्लॅब आडवा, त्यावर पाणी थांबतं. कॉलम उभा, पाइप मारला की पाच मिनिटांत कोरडा. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधा. घराचं सगळं वजन ह्याच्यावर, आणि उन्हात भाजतो तोही हाच.

बोअरवाला

आमच्याकडे बोअरला भरपूर पाणी आहे, थोडं खारं आहे पण भांडी-धुणी होतात. ते काँक्रीटला चालेल का? ठेकेदार म्हणतो सगळे तेच वापरतात.

काळी_दोन_इंची

तपासून घ्या. आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, सल्फेट ४०० च्या आत, पीएच ६ पेक्षा कमी नको. क्लोराइड जास्त झालं की सळईला आतून गंज चढतो. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सोडते. जुन्या घरांच्या गॅलरीखाली सळई उघडी पडलेली दिसते, तिथे हेच झालेलं असतं. काही ठिकाणी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी असल्यानंही होतं.

ओळंबा

तपासणी व्हायच्या आधी एक सोपी गोष्ट करा, बोअरच्या पाण्यात एक वीट भिजवा आणि वाळू द्या. वर पांढरी भुकटी आली तर पाण्यात क्षार आहेत किंवा विटेत आहेत. दुसरी वीट नळाच्या पाण्यात भिजवून शेजारी ठेवा, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. खारं पाणी मातीच्या दबाईला, पायाच्या मुरमाला वापरा. काँक्रीट कालवायला आणि प्लास्टरला गोडं पाणीच घ्या. भिंतीला खार फुटायला लागला की रंग टिकत नाही, दर दिवाळीला खरवडत बसावं लागतं.

साखरपेठी

आमचा जुना वाडा आहे. खाली दगड, वर कच्ची वीट आणि माती, वरती माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. वडिलांनी दहा-बारा वर्षांपूर्वी आतून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. आता खालचं तीन फूट प्लास्टर सगळं पोकळ झालंय, ठोकलं की ढबढब वाजतं, पोपडे पडतात. परत चांगल्या प्रतीचं सिमेंट वापरून, वॉटरप्रूफिंग पावडर घालून करावं का?

ओळंबा

नका करू. तुमच्या भिंतीत पायातून ओल वर चढते. जुन्या काळी ती चुन्याच्या गिलाव्यातून किंवा मातीच्या लिंपणातून बाहेर पडून वाळायची. सिमेंटनं तोंड बंद केलं, आता ओल आत कोंडते, क्षार प्लास्टरच्या मागे साठतात आणि प्लास्टर ढकलतात. आणखी घट्ट प्लास्टर केलं तर ओल तीन फुटांवरून पाच फुटांवर जाईल.

खालचं पोकळ प्लास्टर सगळं काढा. भिंत उघडी ठेवा, निदान एक उन्हाळा. बाहेरच्या बाजूला रस्ता उंच झालाय का बघा. पेठांमध्ये दर काही वर्षांनी रस्त्यावर थर चढतो आणि जुनं जोतं रस्त्याच्या खाली जातं, मग पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं. तसं असेल तर आधी गटाराचं बघा. मग चुन्याचा गिलावा करा. चुना भिजवून मुरवावा लागतो, घाईचं काम नाही, आणि करणारे कारागीर आता थोडे उरलेत, पण आहेत. चुन्याचं काम किती टिकतं ते बघायला लांब जायला नको, महापालिकेच्या इंद्रभुवनाच्या भिंती डोळ्यांसमोर आहेत.

माळवदाचंही सांगतो. दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून चोपतात ते चांगलं, पण जुनी माती काढतच नाहीत. थरावर थर चढून वजन वाढतं. तुळया वाकलेल्या असतील, भिंतीत शिरलेलं टोक कुजलं असेल, तर त्या खोलीत झोपू नका. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीत पहाटे जी माणसं गेली ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या छताखाली. भिंत बाहेरून दीड-दोन हात जाड दिसायची, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नव्हता, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही थर सुटले. म्हणून दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार लांब दगड पाहिजे.

नवी_पेठ

ह्यावरून विचारतो. आम्ही वरचा मजला चढवतोय, विटेच्या भिंतीवरच स्लॅब, कॉलम नाहीत. लिंटल पट्टी सगळीकडून फिरवायची का? ठेकेदार फक्त दारं-खिडक्यांवर लिंटल टाकतो म्हणतो, म्हणजे सळई वाचते.

ओळंबा

सगळीकडून फिरवा, कोपऱ्यात सळई वळवून बांधा. भूकंप जाऊ द्या, काळ्या मातीवर घर थोडं हललं तरी ही पट्टी चारही भिंती धरून ठेवते. आणि खालचं घर वरचा मजला पेलेल का, हे कुणा इंजिनिअरनं पाहिलंय का? ते आधी. पाया उघडून बघितल्याशिवाय वीटसुद्धा चढवू नका.

काळी_दोन_इंची

+१. ह्यात काटकसर नको.

बाळ्याचा_पाहुणा

वीट कुठली घ्यावी? भट्टीची लाल, राखेची, की ते पांढरे हलके ब्लॉक?

ओळंबा

तिन्ही चालतात, करणाऱ्याला ती वीट कळली पाहिजे. लाल वीट दोन हातात घेऊन एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. कंबरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडा, तुटता कामा नये. रात्रभर पाण्यात ठेवली तर वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी प्यायला नको. बांधायच्या आधी भिजवा, नाहीतर ती मालातलं पाणी ओढते. फताटेवाडीला वीज प्रकल्प आल्यापासून राखेची जवळपास ददात नाही. राखेची वीट मापात एकसारखी येते, प्लास्टर कमी लागतं, पण कारखान्यात तिला नीट पाणी मारलेलं असलं पाहिजे, ताजी ओली वीट गाडीत भरून आणली तर भिंतीत आकसते. पांढऱ्या ब्लॉकला मात्र लाल विटेसारखं हौदात बुडवू नका, नुसता हात ओला करून पुसल्याइतकं पाणी. ब्लॉक आणि कॉलम जिथे मिळतात तिथे जाळी ठोकल्याशिवाय प्लास्टर केलं तर तिथे उभी भेग येणारच.

मोहोळकर

आमचं गाव सीनाकाठी. २०२५ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा घरात कमरेएवढं पाणी होतं. भिंती वाळल्यासारख्या वाटल्या म्हणून रंग दिला, आता सगळा फुगून आलाय. जोतं एका बाजूला खचल्यासारखं वाटतं.

ओळंबा

वाईट वाटलं वाचून. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरातच असतो, आणि तोवर जमीन भरलेली असते, त्यामुळे पाणी लवकर हटत नाही.

भिंत वरून वाळते, आतून नाही. नऊ इंची भिंत आत वाळायला महिने लागतात. एक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवा, दोन-तीन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला घाम दिसला तर भिंत ओलीच आहे. तोवर रंग, पुट्टी, टाइल काही नको. फुगलेला रंग खरवडून भिंत मोकळी करा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, खार आला तर कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका, खार परत आत जातो.

खचलेल्या बाजूचं लवकर बघा. फरशी काढून खालची भर वाहून गेलीय का ते तपासा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, महिन्यानं परत मोजा. वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्या बाजूच्या खोलीत सामान आणि माणसं दोन्ही नकोत.

शेळगीची_वहिनी

अजून एक. आमच्या जुन्या घराचं छत इतकं तापतं की रात्री बारापर्यंत पंख्याचा वारा गरम येतो. नव्या घराला काय करावं?

ओळंबा

स्लॅबवर विटेच्या तुकड्यांचा कोबा घ्या. गळती आणि ऊन दोन्हीला उपयोगी. विटेचे तुकडे भिजवून, उतार धरून, दर १० फुटांना सव्वा इंच तरी, म्हणजे पाणी साचत नाही. वर पांढऱ्या चिनी टाइलचे तुकडे बसवा. कोब्यालाही आठवडाभर पाणी साठवून ठेवा, त्याच वेळी गळती कळते. पाइपाचं तोंड आणि पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) कोपरा, पाणी उतरतं ते नव्वद टक्के इथूनच, तिथे गोलाई घ्या. बजेट नसेल तर दर फेब्रुवारी-मार्चला गच्चीवर चुन्याचे दोन हात, त्यात थोडा फेव्हिकॉल. एवढ्यानंही खोलीतला उकाडा कमी होतो. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवू नका, ठेवलीच तर वर दोन फुटांचा छज्जा पाहिजे.

आणि खाली शहाबादी फरशी घाला. चकचकीत टाइलपेक्षा पायाला गार लागते, पावसात पाय घसरत नाही. शहाबाद काही लांब नाही, वाहतूकही परवडते. पॉलिश मात्र चांगल्या माणसाकडून करून घ्या.

पुण्यातून

मी नोकरीनिमित्त पुण्यात. आई-बाबांसाठी होटगी रोडला घर बांधतोय. दर आठवड्याला येणं जमत नाही. बाबांना कामातलं फार कळत नाही आणि ठेकेदार त्यांना "काका, काळजी करू नका" म्हणतो. मी लांबून काय बघू?

ओळंबा

फोटो मागवा, पण झाल्यावरचे नाही, झाकायच्या आधीचे. जे झाकलं जाणार आहे तेच बघायचं असतं.

खड्ड्याच्या तळाचा फोटो, टेप उभी धरून. सळई बांधल्यावर, टेप आडवी धरून, म्हणजे दोन सळयांतलं अंतर दिसेल. सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक आहेत का, की खडीचा तुकडा सारलाय. स्लॅबला वरच्या सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या लोखंडी चेअर आहेत का. त्या नसल्या तर मजुरांच्या पायांनी वरची सळई दबून खाली जाते आणि गॅलरीत ती निरुपयोगी ठरते. गॅलरीची मुख्य सळई वरच लागते, हे बाबांना नक्की सांगून ठेवा.

सळई आली की वजन करून घ्या. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला त्यानंच गुणा आणि १६२ नं भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमची १२ मीटरची सळई १०.६ किलोच्या आसपास भरली पाहिजे, ८ एमएमची पावणेपाच. थोडा फरक चालतो, पण किलोभर कमी भरली तर गाडी परत पाठवा. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यातलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांच्या वरचं घेऊ नका. पोती जमिनीवर नको, फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब.

वाळूचं बाबांनाच करता येईल. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवायची. वर गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्यापेक्षा जाड दिसला तर ती नदीची वाळू घेऊ नका. क्रश सँडला, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूला, हे माप लागू नाही, तिच्यात थोडी पूड असतेच. पण क्रश सँड म्हणून खडी मशीनखालची नुसती डस्ट गळ्यात मारतात, ती हातात घेऊन चोळा, पिठासारखी लागली तर नको.

काळी_दोन_इंची

टेकू काढायच्या तारखाही लिहून ठेवा. आयएस ४५६ प्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्यापेक्षा मोठ्याचे १४ दिवसांनी. बीमला ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. हे ओपीसीचं. पीपीसी असेल तर त्याहून थांबा.

ओळंबा

मी पीपीसीला स्लॅब १४ दिवस आणि बीम २१ दिवस धरतो. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते, भाडं त्याचं चालू असतं. म्हणून करारातच दिवस लिहा.

पुण्यातून

आणि पैसे कसे द्यावेत?

ओळंबा

कामाच्या टप्प्यावर द्या, तारखेवर नाही. प्रत्येक टप्प्याचा शेवटचा दहा टक्के भाग क्युरिंग संपल्यावर. पाणी मारायला वेगळा माणूस ठेवा आणि त्याची मजुरी ठेकेदाराकडे न देता बाबांच्या हातून रोज द्या. तो माणूस शक्यतो जवळच राहणारा हवा, कारण दुपारी दोनची फेरी महत्त्वाची, आणि त्या वेळी साइटवर दुसरं कुणी नसतं. त्याला सांगा, दोन वाजता कॉलमवरच्या गोणपाटाचा फोटो पाठवायचा. रोज. वेळ फोटोवर येतेच.

जुळे_सोलापूर

मामा, खड्डे घेतले. उत्तरेचे दोन कोपरे ६ फुटांवर मुरूम लागला. दक्षिणेला ९ फूट गेलो, अजून काळी माती, आणि तळाला ओल आहे.

ओळंबा

तळाला ओल म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. शेजारचा शोषखड्डा किती लांब आहे ते मोजा. काम थांबवा, खड्ड्याला आडोसा करा, कुणी पडायला नको. माती एका पिशवीत भरून फ्री स्वेलला द्या, आणि दक्षिणेच्या दोन्ही खड्ड्यांचे तळाचे फोटो टेपसकट इथे टाका.